हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेज: अर्ज मुलीने भरायचा की आईने?

प्रश्न फ्रीमाँटच्या एका आईचा आहे. मुलगी दहावीत, जूनमध्ये वर्ष संपेल. बाबा एच-१बीवर, आई आणि मुलगी एच-४वर (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा), कॅलिफोर्नियात येऊन चार वर्षं झाली. मैत्रिणीच्या मुलीने मागच्या उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात (पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारं सरकारी कॉलेज) कॅल्क्युलस केलं, तेव्हा आपल्या मुलीनेही या उन्हाळ्यात कॅल्क्युलस आणि सायकॉलॉजी दोन्ही उरकावं असं आईला वाटतं. बाबा म्हणतात, कम्युनिटी कॉलेज कशाला, एपी (शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) पुरे. शिवाय जुलैत पुण्याला जायचंय, तर कोर्स तिथून ऑनलाइन जमेल का? फी किती, व्हिसाची अडचण येईल का, आणि यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) प्रवेशाला याचा फायदा होतो की तोटा?

बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात काउन्सेलर म्हणून माझं हे सतरावं वर्ष. त्यातली निम्मी वर्षं माझ्याकडे हायस्कूलची मुलंच आहेत. उत्तर लांबणार आहे, पण व्हिसा आणि फीची धाकधूक आधी घालवते.

एच-४वर असताना कॅलिफोर्नियाचं रहिवासीपण मिळतं. एफ-१ किंवा बी व्हिसावर ते मिळत नाही, म्हणून लोकांचा घोळ होतो. टर्म सुरू होण्याच्या आदल्या दिवशी राज्यात राहून एक वर्ष आणि एक दिवस झालेला असावा लागतो, आणि अविवाहित अल्पवयीन मुलांचं रहिवासीपण आईवडिलांवरून ठरतं. तुम्हाला चार वर्षं झालीत, त्यामुळे फारतर बाबांचा टॅक्स रिटर्न आणि व्हिसाची कागदपत्रं मागतील. ती द्या आणि विसरून जा. अर्जात सोशल सिक्युरिटी नंबर विचारतात. एच-४वरच्या मुलीकडे तो नसतो, तर ‘नाही’ वर टिचकी मारायची. बाबांचा नंबर घालायचा नाही! हसू नका, दर वर्षी दोन-तीन घरं हे करतात आणि मग ते रेकॉर्ड दुरुस्त करता करता आमच्या नाकी नऊ येतात.

फी राज्यभर एकच आहे: युनिटला (कोर्स मोजायचं माप) ४६ डॉलर, २०१२पासून तीच. डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं सेमिस्टरऐवजी क्वार्टरवर (साधारण तीन महिन्यांच्या टर्मवर) चालतात, तिथे युनिट लहान असल्याने ३१ डॉलर. हायस्कूलच्या विद्यार्थ्यांना मात्र कायद्यानुसार ही फी माफ करता येते आणि बहुतेक कॉलेजं ती करतात, टर्मला ११ युनिटपर्यंत. उरतो तो आरोग्य शुल्कासारखा किरकोळ खर्च, पार्किंग आणि पुस्तकं. वर्गांच्या यादीत ‘झीरो टेक्स्टबुक कॉस्ट’ अशी खूण असलेला वर्ग निवडलात तर पुस्तकांचाही खर्च नाही. रहिवासी नसलेल्यांना युनिटला तीनशे डॉलरच्या वर पडतात, म्हणून ती कागदपत्रं वेळेत द्या म्हणतेय.

आता बाबांचा मुद्दा. आपल्याकडे ‘कॉलेज’ या शब्दाचा घोटाळा आहेच. महाराष्ट्रात ज्युनिअर कॉलेज म्हणजे अकरावी-बारावी. इथेही कम्युनिटी कॉलेजांना जुनी माणसं ज्युनिअर कॉलेज म्हणतात, पण ती पदवीची पहिली दोन वर्षं. गंमत म्हणजे या कॉलेजांचा जन्म हायस्कूलच्या पोटातूनच झालाय. १९०१मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटच्या हायस्कूलने बारावीनंतरचे वर्ग जोडले, ते देशातलं पहिलं सरकारी ज्युनिअर कॉलेज. कॅलिफोर्नियाने १९०७मध्ये हायस्कूलांना पुढचे वर्ग चालवायची परवानगी देणारा कायदा केला आणि १९१०मध्ये फ्रेझ्नोला तसे वर्ग सुरू झाले. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. ‘ज्यांना कुठे मिळत नाही त्यांच्यासाठी’ ही आपल्या पार्ट्यांमधली समजूत. कॅल स्टेटमधून (यूसीखेरीज राज्याचा दुसरा सरकारी विद्यापीठ-समूह) पदवी घेणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास मुलं कम्युनिटी कॉलेजातून आलेली असतात.

एपीपेक्षा हे वेगळं कुठे, ते सांगते. एपीत वर्षभर शाळेत शिकायचं आणि मे महिन्यात एक परीक्षा. स्कोअर बिघडला तर तो न कळवायची सोय असते. कॉलेजच्या कोर्सला शेवटची मोठी परीक्षा असेलही, पण ग्रेड टर्मभराच्या कामावर मिळते आणि ती लपवता येत नाही. यूसीच्या अर्जात ज्या ज्या कॉलेजात नाव घातलं, तिथला प्रत्येक कोर्स आणि प्रत्येक ग्रेड लिहावीच लागते. मध्येच सोडलेल्या कोर्सची नोंद राहिली असेल तर तीसुद्धा. न लिहिलेली ग्रेड नंतर उघडकीला आली तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो.

आणि सी मिळाला तर? तो कोर्स पुन्हा करता येत नाही. आमच्या नियमांत सी म्हणजे ‘पास’. डी किंवा एफ आला तर पुन्हा बसता येतं, सी आला तर नाही. हायस्कूलमध्ये उत्तम चाललेल्या मुलीने पंधराव्या वर्षी हौसेने घेतलेल्या कोर्सचा सी पुढची सगळी वर्षं ट्रान्सक्रिप्टवर राहतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोन कोर्समध्ये पाठोपाठ गटांगळ्या खाल्ल्या, तर पुढे नियमित विद्यार्थी झाल्यावर शिष्यवृत्ती आणि फीमाफीसाठी ‘समाधानकारक प्रगती’ बघतात, त्यात हायस्कूलमधले हे युनिटही मोजले जातात. हे कुणी आधी सांगत नाही.

फायदाही तितकाच खरा आहे, तो नीट समजून घ्या. यूसीला चालणारा तीन सेमिस्टर युनिटचा (किंवा चार क्वार्टर युनिटचा) एक कोर्स त्यांच्या ए-जी यादीत (प्रवेशासाठी आवश्यक विषयांची यादी) हायस्कूलच्या पूर्ण वर्षाइतका धरला जातो. त्याला ऑनर्सचा (म्हणजे अवघड कोर्सचा) वाढीव गुणही मिळतो, अर्थात त्या गुणांना एकूण मर्यादा आहे. यूसी जीपीए (ग्रेडची सरासरी) काढताना नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतच्या ग्रेड धरते, म्हणजे तुमच्या मुलीचा हा उन्हाळा मोजला जाणार. आणि हायस्कूल संपायच्या आत कितीही युनिट केले तरी ती फ्रेशमन (पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी) म्हणूनच अर्ज करते, ‘ट्रान्सफर’ होत नाही. ही भीती मला दर आठवड्याला कुणीतरी बोलून दाखवतं.

खाजगी विद्यापीठांचं मात्र वेगळं. हायस्कूलच्या डिप्लोमासाठी जो कोर्स मोजला, त्याचं क्रेडिट पुन्हा द्यायला त्यांतली बरीच नकार देतात. यूसी आणि कॅल स्टेट घेतात. एच-४वरच्या काही घरांत याचं वेगळंच गणित असतं: २१व्या वाढदिवसाला मुलांचं एच-४ संपतं, त्याआधी पदवी पदरात पडावी. युनिट हाताशी असले तर यूसीत किंवा कॅल स्टेटमध्ये तीन वर्षांत आटोपणं शक्य होतं, हे खरं. पण त्या घाईत मुलाला काय शिकायचंय हा प्रश्न मागे पडतो, हेही मी पाहिलंय.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. म्हणजे तुम्ही विचारला नाहीत त्या.

मागच्या वर्षी मे महिन्यात एक आई आणि मुलगा आमच्या काउंटरवर आले. आईच्या हातात प्लॅस्टिकची फाइल, आत ट्रान्सक्रिप्ट, लसीकरणाचा दाखला, पासपोर्टची झेरॉक्स, जन्मदाखल्याचा इंग्रजी अनुवाद. यातलं ट्रान्सक्रिप्ट सोडलं तर आम्हाला काहीच नको होतं. त्या विचारत होत्या, वर्गात नाव लागलं का? काउंटरवरच्या बाईंनी मॉनिटर मुलाकडे वळवला आणि त्याला म्हणाल्या, “तू सांग, तुझ्या पोर्टलवर काय दिसतंय?” मुलगा आईकडे बघायला लागला. पासवर्ड आईकडे होता. कॉलेजचा ईमेल उघडला तर त्रेचाळीस न वाचलेले निरोप. त्यात एक बारा दिवसांपूर्वीचा: वेटलिस्टवरून तुझा नंबर लागलाय, चोवीस तासांत नाव घाल. ती जागा केव्हाच दुसऱ्याला गेली होती. आईंनी रोज सकाळी स्वतःचा जीमेल तपासला होता, त्यात काहीच आलेलं नव्हतं.

इथेच हायस्कूल संपतं आणि कॉलेज सुरू होतं. १९७४चा फर्पा नावाचा कायदा आहे. मूल कॉलेजात शिकायला लागलं की त्या कॉलेजातल्या रेकॉर्डवरचा हक्क आईवडिलांकडून मुलाकडे जातो, वय पंधरा असलं तरी. त्यामुळे तुम्ही प्राध्यापकांना “माझ्या मुलीचं कसं चाललंय?” असा ईमेल लिहिलात तर उत्तर येणार नाही, आणि आलं तरी “विद्यार्थिनीला लिहायला सांगा” इतकंच. पालकसभा नाही, होमवर्क राहिल्याचा फोन नाही. प्राध्यापकाला बहुतेक वेळा माहीतही नसतं की यादीतली ही मुलगी हायस्कूलची आहे.

म्हणून माझा पहिला सल्ला कॅल्क्युलसबद्दल नाहीच. अर्ज तिला भरू द्या. सीसीसीअप्लाय नावाची राज्यभराची साइट आहे, तिथे आधी खातं उघडायचं आणि मग कॉलेज निवडायचं. ईमेल तिचा, फोन नंबर तिचा. तुम्ही शेजारी बसा, पण माउस तिच्या हातात. बनावट अर्जांचा सुळसुळाट झाल्यापासून यंत्रणा संशयी झाली आहे. एकाच ईमेलवर दोन भावंडांचे अर्ज आले, किंवा बाबांच्या ऑफिसच्या लॅपटॉपवरून व्हीपीएन चालू ठेवून अर्ज केला, की अर्ज अडकू शकतो. मग ओळखपत्र घेऊन या. अर्ज झाला की एक-दोन दिवसांत विद्यार्थी क्रमांक येतो. त्यानंतर हायस्कूल विद्यार्थ्यांचा वेगळा फॉर्म: त्यावर मुलीची, पालकाची आणि शाळेच्या काउन्सेलरची किंवा प्रिन्सिपलची सही. प्रत्येक कॉलेजात त्याचं नाव वेगळं, काम तेच. बऱ्याच ठिकाणी तो दर टर्मला नव्याने भरावा लागतो.

उन्हाळ्याबद्दल एक बारकावा. एका इयत्तेतल्या पाच टक्क्यांपेक्षा जास्त मुलांची शिफारस प्रिन्सिपलला उन्हाळी वर्गांसाठी करता येत नाही, असं कायदा म्हणतो. त्याला काही अपवाद आहेत, पण शाळेच्या काउन्सेलरने हात आखडता घेतला तर त्यामागे हेही असू शकतं. तेव्हा रागावू नका, लवकर जा.

तुमच्या मुलीच्या शाळेत कॉलेजशी करार करून चालवलेले वर्ग असतील, तर ते आधी बघा. २०१५मध्ये एबी २८८ नावाचा कायदा झाला, तेव्हापासून हे वर्ग वाढलेत. कॉलेजचा प्राध्यापक शाळेत येऊन शिकवतो, फी नाही, टर्मला १५ युनिटपर्यंत मुभा. सुरुवातीला हे सगळ्यात सोपं, कारण वर्गात सगळी आपल्याच शाळेची मुलं असतात. तोटाही तोच. कॉलेजची सवय त्यातून फारशी लागत नाही.

आता सहा आठवड्यांत कॅल्क्युलस. हिशोब करा. एक युनिट म्हणजे विद्यार्थ्याचं किमान ४८ तासांचं काम, वर्ग आणि घरचा अभ्यास धरून. तीन युनिटचा सायकॉलॉजीचा कोर्स १४४ तासांचा. सोळा-सतरा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये ते आठवड्याला नऊ तास पडतात, सहा आठवड्यांत चोवीस. कॅल्क्युलस बऱ्याच ठिकाणी पाच युनिटचं असतं, म्हणजे २४० तास, सहा आठवड्यांत आठवड्याला चाळीस. दोन्ही एकदम म्हणजे आठवड्याला चौसष्ट तास. पंधरा वर्षांच्या मुलीला तुम्ही नोकरी आणि वर ओव्हरटाइम सांगताय. मैत्रिणीच्या मुलीला जमलं असेल, मला शंका नाही, पण ती तेव्हा अकरावी संपवून आली होती का, प्रीकॅल्क्युलस झालं होतं का, हे विचारून बघा. प्रीकॅल्क्युलस झाल्याशिवाय तुमच्या मुलीचं नाव तसंही लागणार नाही. शाळेचं ट्रान्सक्रिप्ट पाठवून ती अट पुरी करून घ्यावी लागते आणि मे-जूनमध्ये त्याला वेळ लागतो.

पहिला कोर्स म्हणून माझं मत सायकॉलॉजीला, तेही एकटं. किंवा पब्लिक स्पीकिंग, जे आपली मुलं टाळतात आणि ज्याची त्यांना सगळ्यात जास्त गरज असते. २०२५च्या फॉलपासून (उन्हाळ्यानंतरची टर्म) काही कोर्सना राज्यभर एकच क्रमांक मिळालाय: सायकॉलॉजीची ओळख म्हणजे ‘साइक सी१०००’, पब्लिक स्पीकिंग म्हणजे ‘कॉम सी१०००’. आधी एकच कोर्स फ्रीमाँटच्या ओलोनी कॉलेजात एका नावाने आणि डी अँझाला दुसऱ्या नावाने असायचा, तो ताप निदान या कोर्सांपुरता गेला. बाकीच्यांसाठी असिस्ट नावाची सरकारी साइट आहे, तिथे कुठल्या कॉलेजचा कोणता कोर्स कुठल्या यूसीत कशाच्या बदल्यात धरतात ते दिसतं. नाव घालायच्या आधी मुलीला ती उघडायला लावा. गणिताची साखळी सुरू केलीत तर मध्येच सेमिस्टरच्या कॉलेजातून क्वार्टरच्या कॉलेजात उडी मारू नका, अर्धा धडा दोनदा होतो आणि अर्धा राहून जातो.

पुण्याचं विचारलंत. ऑनलाइन म्हणजे कुठूनही, कधीही, असं नाही. यादीत वर्गापुढे वेळ लिहिली आहे का बघा. सकाळी दहाचा झूमवरचा वर्ग पुण्यात रात्री साडेदहाला भरतो, आणि तो संपल्यावर मुलगी आजीकडे सकाळी अकरापर्यंत झोपणार. आजीला ते आवडणार नाही. वेळ न लिहिलेला वर्ग जमू शकतो, पण त्यातही काही परीक्षा ठरलेल्या वेळी कॅमेरा लावून घेतात. लॉगिनचा कोड अमेरिकेतल्या फोनवर येतो, ते सिमकार्ड तिथे चालेल का ते निघण्याआधी बघा.

त्याहून धोक्याचा असतो पहिला आठवडा. ऑनलाइन वर्गात पहिल्या दोन-तीन दिवसांत ओळखीची चार वाक्यं लिहायची असतात. ती लिहिली नाहीत तर प्राध्यापक ‘आलीच नाही’ म्हणून नाव काढतात, वेटलिस्टवरच्याला जागा देतात. विमानात असताना हे होतं. तारखाही आकसतात. फी परत मिळण्याची मुदत साधारण टर्मच्या १० टक्के, ट्रान्सक्रिप्टवर खूण न राहता सोडायची २० टक्के, ‘डब्ल्यू’ (कोर्स सोडल्याची ट्रान्सक्रिप्टवरची खूण) घेऊन सोडायची फारतर ७५ टक्के. सहा आठवड्यांच्या वर्गात पहिली चार-पाच दिवसांत जाते, दुसरी आठ-नऊ दिवसांत. आणि वर्गात जाणं बंद केलं म्हणजे कोर्स सुटला असं नाही. पोर्टलवर जाऊन तिनेच ‘ड्रॉप’ करावं लागतं. नाहीतर शेवटी एफ.

जून-जुलैच्या वर्गाऐवजी फॉलमध्ये संध्याकाळचा एकच कोर्स घेतला तर? मला तो जास्त पटतो. पुणं निवांत होईल, कामाचा वेग माणसांचा असेल. अडचण एकच, हायस्कूलच्या मुलांना नाव घालायची पाळी सगळ्यात शेवटी येते, हाही कायदाच आहे. लोकप्रिय वर्ग तोवर भरलेले असतात. अशा वेळी पहिल्या वर्गाला प्रत्यक्ष जाऊन बसायचं, संपल्यावर प्राध्यापकांना विचारायचं, “जागा झाली तर मला घ्याल का?” हे वाक्य तिने स्वतः म्हणायचं. बऱ्याचदा मिळते जागा, कारण पहिल्या आठवड्यात गळती असतेच.

फॉल घ्या की उन्हाळा, एक तारीख मात्र पाळा. शाळेचे काउन्सेलर जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुट्टीवर जातात आणि ऑगस्टशिवाय परत येत नाहीत. त्या फॉर्मवरची त्यांची सही मे महिन्यातच घ्या. म्हणजे, तिला घ्यायला सांगा.